बिनगाठीचा दोर

पोळा तोंडावर आला अन् आमच्या मांगपुऱ्यातल्या बायाईले निंदाले बोलावणं बंद झालं. पऱ्हाटीत गुडघ्याएवढं गवत, सोयाबीनमंदी केना माजलेला, अन् आमी आपल्या दारात मांडीवर खुरपी घेऊन बसलेल्या. सकाळी ऑटोत भरून बाहेरगावच्या बाया आल्या, आमच्या दारावरून वावरात गेल्या. त्याईतली एक माह्याकडं पाहून हसली. मले असा संताप आला का काय सांगू! पण तिच्यावर चिडून काय फायदा, तिलेही पोट हाय.

काहून बोलावत नाई, थे कोणाले इचारायची गरज नव्हती. देवमननं, म्हणजे माह्या नवऱ्यानं, औंदा तोरणाचा दोर वळत नाई म्हणून सांगतलं होतं.

आमच्या धामणखुट्यात पोळ्याचं तोरण मांगाच्या हातच्या दोराचं. अंबाडीचा वाख, तीन पदर, अन् गाठ एकही नाई. गाठ पडली तं जनावराले रोग येते म्हणतात. देवमनच्या बापानं वळला, आज्यानं वळला. हा दोर वेशीपाशी रस्त्यावर आडवा बांधतात, एक टोक निंबाले, दुसरं ग्रामपंचायतीच्या खांबाले. त्याले आंब्याची पानं लावतात. अन् सूर्यभान पाटलाची मानाची जोडी त्याच्याखालून गेल्याशिवाय दुसरं जनावर नाई, माणूस नाई, कोणी त्याच्याखालून जात नाई. वळणाऱ्याले काय भेटते? पसाभर जवारी अन् खोबऱ्याचा तुकडा, थोही दुरून टाकलेला.

वळत नाई, हे देवमनच्या डोक्यातून निघालं नव्हतं. थे माधवीच्या डोक्यातलं.

माधवी माही पोरगी. डॉक्टर हाय, आयुर्वेदाची. नांदगाव खंडेश्वरले ॲम्ब्युलन्सवर होती. कोणाले गाडीनं उडवलं, कोणाले साप चावला, कोणी फवारायचं औषध पेलं, का ही पळाली. आमच्या पुऱ्यातली पहिली डॉक्टर. तिच्या छातीवर नावाची पट्टी असे. डॉ. माधवी खंडारे. तुमाले खोटं वाटन, पण लोक आधी थे पट्टी वाचत. घरात माणूस लंबा झालेला, तोंडातून फेस, अन् भाऊ इचारते, खंडारे म्हणजे कोणते? एका म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली, हिनं ऑक्सिजनचा मास्क लावला, तं त्याच्या पोरानं थो काढला, धोतरानं पुसला अन् मंग परत लावला. एकीनं तोंडावर म्हणलं, कोट्यातल्या डॉक्टरनीच्या हाती आमचा माणूस देऊ नोका, दुसरी गाडी बोलवा. दुसरी गाडी कुठची येते!

हे सारं ती आमच्या चुलीपाशी बसून सांगे, भाकरीचा घास मोडता मोडता, हसत. म्हणे, "आई, पट्टीच काढून ठेवू का? पण काढली तं इचारतात, पट्टी कुठं हाय, नाव सांगा." अन् हसता हसता एक दिवस तिचा घास तसाच हातात राहिला. बापाले म्हणली, "बाबा, मी तिकडं माणसाच्या अंगाले हात लावू द्या म्हणून भांडून राहिली, अन् तुमी अठी त्याईच्या बैलासाठी दोर वळता, दुरून टाकलेलं खोबरं उचलता. औंदा नोको वळू."

देवमन हो म्हणला. त्या माणसानं पोरीले कधी नाई म्हणलंच नाई.

मंग हे असं झालं. एकट्या आमच्या घरचं काम बंद झालं असतं तं सोसलं असतं. पण साऱ्या पुऱ्याचं बंद झालं. शेजारची चतुराबाई दारात येऊन उभी राहिली. तिचा पोरगा पुण्याले गेलेला परत आला नाई, तिच्या आंगावर दोन नाती. ती भांडली असती तं बरं झालं असतं. ती हळूच म्हणली, "जमुना, तुही माधवी पगार आणते व माय. माह्या पोरीईनं काय खावं?"

त्या दिवशी देवमननं नांदगावच्या बजारातून वाखाची पेंढी आणली. भिजवली, सोलली, उन्हात घातली. मले म्हणला, "धर."

दोर एकट्यानं वळता येत नाई. एकानं पीळ द्या लागते अन् दुसऱ्यानं टोक ताणून धरा लागते. ढिलं सोडलं का पीळ उलटा फिरते, सारं वाया जाते. लग्न झाल्यापासून दुसरं टोक मीच धरत आली. देवमन पीळ देत देत मांगं सरके, मी पाय रोवून उभी. दोर पुरा झाल्यावर त्यानं त्याच्यावरून हात फिरवला, टोकापासून टोकापर्यंत. एवढंच म्हणला, "माधवीले सांगू नोको."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावणं आलं. पुऱ्यातल्या साऱ्या बाया निंदाले गेल्या. मी किशोरभाऊच्या वावरात.

किशोरभाऊ मोठा पाटील नाई. एक जोडी, काळी जमीन, मायबाप राबणारं घर. त्याची बायको रागिणीबाई स्वभावानं बरी. वावर घरामांगंच, दुपारी आमाले चहा पाजे. माहा गिलास कुंपणाच्या खांबावर पालथा ठेवलेला असे, थो मीच धुवून समोर धरायचा, अन् ती वरून ओते. चांगला चहा असे, दुधाचा. त्या दिवशी म्हणली, "श्रावणी आली हाय बाळंतपणाले. पोरगा झाला. दवाखान्यातून आणून आठवडा झाला."

श्रावणी तिची पोरगी. माह्या माधवीच्याच वर्गातली. दोघी एका बेंचावर बसत. शाळेत कोणी पाहत नसलं का एकीच्या डब्यातलं दुसरी खाई, अन् घरी येऊन कोणीच सांगे नाई.

मी म्हणलं, "बाळ पाहू का बाई?"

आतून गोदाबाई बोलली, किशोरभाऊची माय. "खोलीत अंधार हाय. काई दिसत नाई."

दिवसा उजेडी अंधार! मी गिलास धुतला, खांबावर पालथा ठेवला अन् पुन्हा निंदाले तासावर बसली.

पोळ्याच्या दिवशी दुपार ढळली तशी वेशीपाशी गर्दी झाली. बैल नुसते झगमग करत होते. शिंगाले रंग, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरू. दोर आडवा बांधला होता, आंब्याची पानं हलत होती. सूर्यभान पाटलाची जोडी तेवढी आली नव्हती. ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाले, मारुतीच्या देवळापुढं, पूजेले उभी होती. बँडवाले तिकडंच वाजवत होते. बाकीचे सारे वेशीपाशी ताटकळत.

मी दारात पोळ्या लाटत होती. तेवढ्यात रागिणीबाई पळत आली. पुऱ्याच्या कोपऱ्यावरच थांबली, आत पाय टाकला नाई. डोक्यावर पदर नाई, पायात चप्पल नाई.

"जमुना! माधवीले फोन लाव! श्रावणीच्या अंगावरून जाऊन राहिलं. थांबूनच नाई राहिलं. गाडीले फोन केला, येते म्हणतात, पण तू तिले सांग ना, लवकर ये म्हणून सांग!"

मी फोन लावला. माधवी गाडीतच होती, निघालीच होती. म्हणली, "आई, तिले आडवी ठेवा. पाय उशीवर. खाली शेगडी असन तं काढा. आलीच मी."

रागिणीबाईले थे सारं सांगतलं, ती घराकडं पळाली. गाडीचा भोंगा ऐकू आला तशी मी वेशीकडं पळाली. गाडी तोरणाच्या पलीकडं थांबली. माधवी उतरली, हातात औषधाची पेटी. मांगं तिचा ड्रायव्हर प्रीतम, स्ट्रेचर घेऊन. ती सरळ दोराखालून वाकून येणार, तं दोघा-तिघाईनं लाठ्या आडव्या धरल्या.

"ए बाई! खालून नाई!"

"पेशंट हाय आत."

"असन. मानाची जोडी गेली नाई अजून. नाल्याकडून ये."

माधवीनं पुढं वाद घातला नाई. बोलण्यात किती वेळ जाते, थे तिले माहीत. तिनं पेटी डोक्यावर घेतली अन् नाल्याच्या बाजूनं वावरात शिरली. काळी माती, श्रावणाचा चिखल, पहिल्याच पावलाले बूट आत राहिला. तिनं दुसराही काढून फेकला. मांड्यापर्यंत चिखलात माही डॉक्टर पोरगी, पांढरा कोट घालून. मी अलीकडून जाऊन पेटी घेतली. स्ट्रेचर प्रीतमनं कसंबसं ओढत आणलं.

किशोरभाऊच्या घरी गोदाबाई उंबऱ्यात बसली होती. दोन्ही चौकटीले हात लावून.

"आजी, बाजूले व्हा," माधवी म्हणली.

"बाळंतिणीची खोली हाय. आत देव मांडला हाय. तुले काय सांगायचं थे दारातून सांग, रागिणी करन."

"दारातून सलाईन लागत नाई आजी."

गोदाबाईनं तिच्या मांगं पाहिलं. प्रीतमले म्हणली, "तू कोणाचा रे बाप्पा?"

"मी ड्रायव्हर हाय आजी."

"थे नाई इचारलं. कोणाचा हायेस?"

प्रीतमनं खाली पाहून जात सांगतली. गोदाबाईनं एक हात चौकटीवरून काढला. "मंग तू ये आत. ही सांगन दारातून, तू लाव सुई."

"मले गाडी चालवता येते आजी. सुई नाई लावता येत."

मले राहावलं नाई. म्हणलं, "परका गडी चालते तुमाले बाळंतिणीच्या खोलीत, अन् बाई नाई चालत?"

"जमुना, तू तोंड बंद ठेव!" किशोरभाऊ ओरडला. तिकडं उंबऱ्यात बसलेल्या मायले नाई ओरडला.

तेवढ्यात आतून आवाज आला. बारीकसा. "माधवी, आलीस काय व?"

रागिणीबाईनं सासूचा दंड धरला अन् ओढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओढली असन. गोदाबाई बाजूले पडली, माधवी आत गेली. मांगून मी पेटी घेऊन.

खोलीत खरंच अंधार होता. खिडकीले गोधडी लावलेली, खाटेखाली शेगडी तशीच, अन् रक्त खाटेच्या सुंभातून त्या शेगडीत गळत होतं. वास असा का माहं डोकं फिरलं. श्रावणी पांढरीफट. माधवीनं शेगडी पायानं लोटली, गोधडी ओढून टाकली, पोटावर मूठ ठेवून दाबलं. दुसऱ्या हातानं शीर शोधू राहिली. शीर सापडेना. सापडली. सलाईन चालू झालं, सुई दिली. श्रावणी तिच्या कोटाचं टोक धरून होती.

"तुह्या हाताले चिखल हाय," श्रावणी म्हणली.

"गप बस. बोलू नोको."

"लेकरू पाहिलं काय तू?"

"पाहीन. आधी तुले पाहू दे."

मी मांगं वळून पाहिलं. गोदाबाई उंबऱ्यावर तांब्यानं पाणी टाकत होती. खोलीत नात रक्तानं भिजली, अन् ही उंबरा धुते! मी म्हातारी झाली, लय पाहिलं, पण त्या तांब्याचा आवाज अजून माह्या कानात हाय.

"काका, हिले आत्ता अमरावतीले नेली पाहिजे," माधवी किशोरभाऊले म्हणली. "रक्त चढवा लागते. अठी माह्याकडून एवढंच होते. उचला."

प्रीतमनं अन् किशोरभाऊनं स्ट्रेचर उचललं. माधवी बाजूनं चालत, मूठ पोटावर दाबलेलीच. सलाईनची बाटली मी वर धरलेली. वेशीपाशी आलो, अन् लाठ्या पुन्हा आडव्या.

"थांबा. पाच मिनिटं. पूजा होऊन राहिली, बैल निघालेच."

"हिच्यापाशी पाच मिनिटं नाईत," माधवी म्हणली.

"अवो, बाळंतीण हाय, रक्ताचं अंग! तोरणाखालून नेता? वर्षभर जनावरं मरतील आमची."

मांगून कोणी तरी बोललं, "अन् हिनं हात लावलेली."

एक जण मारुतीकडं पळत गेला अन् निरोप घेऊन आला. पाटील म्हणाले, आरती अर्धी सोडता येत नाई. नाल्याकडून न्या.

नाल्याकडून! पेटी डोक्यावर घेऊन आली तं ही मांड्यापर्यंत रुतली होती. तरी नेऊन पाहिलं. प्रीतमचा पाय आत गेला, निघेना. स्ट्रेचर एका बाजूनं कलंडलं, सुई निघता निघता राहिली. श्रावणीच्या तोंडून आवाजही निघाला नाई. आवाज निघाला असता तं मले एवढं भ्याव वाटलं नसतं. परत फिरलो.

किशोरभाऊ तोरणापुढं उभा. त्याची स्वतःची जोडी रांगेत होती, रंगवलेली. बाप होता थो तिचा. मी त्याच्या तोंडाकडं पाहू राहिली, का आता हा दोर तोडन, आता लाठी हिसकावन. त्यानं हात जोडले अन् म्हणला, "पाटलाले म्हणा, जरा लवकर आणा बैल." एवढंच मांगतलं त्यानं.

माधवीनं वर पाहिलं. दोराकडं. पानाईच्या मधून जिथं दोर उघडा होता, तिथं पाहिलं. बापाच्या हातचा पीळ पोरीले ओळखू येणार नाई काय? लहानपणी त्याच्यावर झोके खाल्ले तिनं.

देवमन निंबापाशी उभा होता, मान घालून.

"बाबा," ती म्हणली. "हा तुमचा हाय?"

थो गर्दीतून पुढं आला. कमरेचा विळा काढला. पानं तोडाले सकाळी घेतलेला, तसाच होता कमरेले. दोन घाव घातले. पीळ घट्ट होता, पहिल्या घावाले तुटला नाई. दुसऱ्याले तुटला अन् पानासकट रस्त्यात पडला.

"तोरणाखालून जाता येत नाई ना?" देवमन म्हणला. "घ्या. तोरणच नाई आता. जा माधवी."

कोणाले काई समजायच्या आत स्ट्रेचर पलीकडं गेलं. किशोरभाऊ अन् रागिणीबाई गाडीत चढले. दरवाजा लागला, भोंगा वाजला. मले वाटलं, वाचली. खरंच वाटलं. मले वाटलं, माही पोरगी जिंकली.

मंग मांगं पाहिलं. सारे देवमनभोवती जमले होते. सूर्यभान पाटलाचा पुतण्या ईशान, अमरावतीले कॉलेजात शिकते थो, त्यानं देवमनची कॉलर धरली होती. दुसरा हात उगारलेला.

"हात लावू नोको," सूर्यभान पाटील म्हणाले. थे आता पोचले होते, मांगं मानाची जोडी, तिच्या मांगं बँड. पाटील कधी आवाज चढवत नाईत. "हात लावला का केस करतात हे. सोड त्याले." ईशाननं सोडलं. पाटलानं रस्त्यातला दोर चपलेच्या टोकानं सरकवला. "देवमन, दुसरा वळ."

"पाटील, हाच बांधा ना जोडून..."

"गाठीचा दोर चालते काय? तुह्या बापालेही माहीत होतं. वळ. बैल उपाशी उभे हायेत. आज अवस, बैल आजच गेले पाहिजेत. अन् नाई वळला तं तुह्या पुऱ्याले यापुढं या गावात काम नाई. एका घराले नाई, साऱ्याईले. सांग तुह्या चतुराबाईले."

चतुराबाई गर्दीच्या मांगं उभी होती. तिनं माह्याकडं पाहिलं नाई.

उरलेला वाख घरी होता. मी आणला. देवमन रस्त्यातच बसला, वेशीपाशी, साऱ्या गावापुढं. समोर बैल, त्याईच्या तोंडाले फेस आलेला. म्हणला, "धर." मी दुसरं टोक धरलं.

थो पीळ देऊ राहिला. कोरडाच वाख, भिजवाले वेळ कुठं होता. त्याचे तळहात सोलून निघाले, दोराले लाल लागू राहिलं. ईशान मोबाइलवर आमचं शूटिंग करू राहिला. पोट्टे हसत होते. मी पाय रोवून उभी.

दोर अर्धा झाला, अन् माह्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. हात सोडता येत नव्हता. बाजूच्या एका पोरीनं फोन काढून माह्या कानाले लावला.

"आई," माधवी म्हणली. "गेली ती. बडनेऱ्याच्या अलीकडंच गेली. आणखी थोडा वेळ भेटला असता ना आई, थोडासा..." गाडीचा आवाज. मांगं रागिणीबाईचं रडणं. "तू काय करून राहिली?"

"काई नाई," मी म्हणलं.

फोन बंद झाला. मी देवमनकडं पाहिलं. त्याले कळलं. त्याचे हात थांबले. मी तोंड उघडलं अन् म्हणलं, "पाटील, श्रावणी गेली."

आजूबाजूच्या दोघा-तिघाईनं ऐकलं. पाटलानं बँडवाल्याईले हात केला, वाजवत राहा म्हणून. मंग माह्याजवळ आले. इतक्या जवळ थे कधीच आले नव्हते.

"तू मले काई सांगतलं नाई," थे हळू म्हणाले. "सुतक पडलं तं पोळा मोडते. साऱ्या गावाचे बैल उभे हायेत. बैल जाऊ दे, मंग सांगजो. दोर पुरा कर."

काय करावं मी? ओरडावं? ओरडली असती तं बँडात ऐकू कोणाले गेलं असतं? अन् ऐकू आलंच असतं तं उद्या चतुराबाईच्या नातीईच्या तोंडात मी काय घातलं असतं? देवमननं मान खाली घातली अन् पुन्हा पीळ देऊ राहिला. मी टोक ताणून धरलं. तुमाले काय म्हणायचं थे म्हणा.

दोर बांधला. पानं लावली. हर हर महादेवचा गजर झाला, सूर्यभान पाटलाची जोडी खालून गेली, मांगं सारे बैल गेले. मंग घरोघर दारात बैल नेतात, बाया ओवाळतात. किशोरभाऊची जोडी त्याच्या गड्यानं दारात नेली. गोदाबाई बाहेर आली. एका खांद्यावर लेकरू, दुसऱ्या हातात ताट. तिनं बैलाच्या पायावर पाणी घातलं, कपाळाले कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली. बैलापुढं हात जोडून म्हणली, "माह्या श्रावणीले सुखरूप घरी आण रे बाप्पा." मी पाहत होती. मी तिच्या कुंपणापाशीच उभी होती, माह्या गिलासाच्या खांबापाशी.

बैल गोठ्यात गेल्यावर सांगणारा माणूस तिच्या घरी गेला. सांगणारी मी नाई.

गावानं काय ठरवलं, थे तुमाले सांगाले पाहिजे काय? मांगाच्या पोरीनं बाळंतिणीच्या खोलीत पाय घातला, मांगानं तोरण कापलं, म्हणून गेली. उंबरा धरून बसली होती, थे कोणी बोललं नाई. लाठ्या आडव्या होत्या, थे नाई. आरतीचं तं नावही नाई. किशोरभाऊनं तक्रार केली का डॉक्टरनी उशिरा आली, तिले सुई लावता आली नाई. खाली सह्या गावाच्या, अन् त्याईत चतुराबाईचा अंगठा. अंगठ्याबद्दल मी तिले काई म्हणलं नाई. ॲम्ब्युलन्सच्या कंपनीवाल्याईनं माधवीले सांगतलं, चौकशी होईपर्यंत घरी बसा.

ती घरी बसली. कोट धुतला नाई, खुंटीले तसाच. जेवायची, पण सांगायची काई नाई. पहिल्या दिवशी एवढंच इचारलं, "आई, मी फोन केला तवा बैल गेले होते काय?"

मी खोटं बोलू शकली असती. "नाई," म्हणलं.

"अन् दुसरा दोर?"

"आमी दोघाईनं."

तिनं मान हलवली. रडली असती तं मी तिले पोटाशी धरलं असतं. रडली नाई. मलेही मंग तिच्याजवळ जाववलं नाई.

तेरवी झाली, अन् दुसऱ्या दिवशी किशोरभाऊ पुऱ्याच्या कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोकं भादरलेलं, डोळे आत गेलेले. चिडावं म्हणलं तरी त्याच्यावर चिडता येत नव्हतं. लेकराचा बाप बायकोचं करून आपल्या गावी गेला होता, लेकरू आजीकडंच ठेवून. किशोरभाऊनं आमच्या घराकडं पाहिलं नाई, रस्त्याकडं पाहून बोलला.

"देवमन, पाळण्याले दोर पाहिजे. जुना कुजला. लेकरू मांडीवरून खाली ठेवलं का रडते. बिनगाठीचा दे."

देवमन खाटेवर होता. त्याचे तळहात पिकले होते, चिंध्या बांधलेल्या. थो भिंतीकडं तोंड करून पडला होता, तसाच पडून राहिला.

किशोरभाऊ गेला. मी चुलीपाशी बसून राहिली. मले वाटलं, जाऊ दे मरू दे, नाई द्यायचा. सुंभ आणा बजारातून.

माधवी उठली. कोपऱ्यातून वाखाची पेंढी काढली, पाण्यात बुडवली. रात्रभर भिजू दिली. सकाळी सोलून आंगणात बसली, बाप बसे तिथंच. तीन पदर जुळवले. तिले कोणी शिकवलं नव्हतं, पाहून येत होतं.

"आई, दुसरं टोक धर."

"माधवी, तू नोको व माय. तुहे हात काय याच्यासाठी..."

"धर म्हणलं ना."

मी धरलं. तिनं पीळ दिला. बारीक, मऊ, एकसारखा. मधी मधी बोटानं चाचपून पाही, कुठं कूस तं नाई राहिलं. दोर पुरा झाला तशी तिनं थो गुंडाळून माह्या हातात दिला अन् हात धुवाले गेली. कितीक वेळ धूत राहिली.

दोर घेऊन मीच गेली. गोदाबाई ओट्यावर होती, लेकरू मांडीवर. रडून रडून लाल झालेलं. पहिल्यांदाच पाहिलं मी त्याले, उजेडात. कपाळ थेट श्रावणीचं.

मी दोर ओट्याच्या कडेले ठेवला. गोदाबाईनं थो उचलला. दोन्ही हातानं ओढून पाहिला. मंग आपल्या गालाले लावून पाहिला, लेकराले खुपते का म्हणून.

"मऊ वळला हाय," ती म्हणली.

अन् तसाच पाळण्याले बांधला. त्याच्यावर पाणी टाकलं नाई. कोणाच्या हातचा हाय, थेही इचारलं नाई.